कन्नडला गेलेली सुरी

रेझिनचा उग्र वास आला की बकरी ईदच्या आदल्या दिवसाची ती दुपार आठवते. चिकलठाण्याच्या आमच्या शेडमध्ये माझा नवरा लाकडात रेझिनचं पातळ रसायन मुरवून, भट्टीत तापवून सुऱ्यांच्या मुठी करायचा. त्या दगडासारख्या टणक व्हायच्या. त्या दुपारी एक मूठ फरशीवर पडली आणि काचेसारखी फुटली. नवरा पांढराफटक पडला. "याच लाकडी ठोकळ्यातून कापलेली दुसरी मूठ कन्नडच्या खाटीकचाचांच्या सुरीला बसवलीय. उद्या त्यांच्या हातात फुटली तर?" चाचांचा फोन लागेना. आम्ही दोघं जीपनं कन्नडला पोचलो. चाचा सुरीला धार लावत बसले होते. "लई मजबूत हाय, बेटा," ते कौतुकानं म्हणाले. नवऱ्यानं सुरी मागून घेतली आणि मूठ दगडावर आपटली. तिचे दोन तुकडे झाले. चाचा आपली बोटं मिटून उघडून पाहत राहिले. ती बोटं मला आजही दिसतात.