वाजवून न घेतलेला तांब्या

तांब्या घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या घरी लग्न आहे की कुणी गेलंय, हे माझ्या वडिलांना मान वर न करता कळायचं. लग्नाचं गिऱ्हाईक आधी तांब्या वाजवायचं. टिचकी मारायची, कान लावायचा, उजेडात धरून आत डोकवायचं, आणि मग "अहो, हा तांब्या आहे की पापड?" म्हणून तासभर हुज्जत. मयताचं गिऱ्हाईक उंबऱ्याशीच उभं राहायचं. "बाराव्याला दानाचा तांब्या पाहिजे." एवढंच. भाव करायचा नाही, आणि वाजवायचा तर नाहीच नाही. गेलेल्या माणसाच्या नावानं द्यायचं भांडं वाजवून घेणं म्हणजे निर्लज्जपणा, अशी आमच्या तांबटांच्या आळीत रीतच होती.

आमचं दुकान गंगेपासून, म्हणजे आमच्या गावच्या नदीपासून, हाकेच्या अंतरावर. पुढे दुकान, मागे भट्टी आणि घर. दानाच्या तांब्यांची फळी वेगळी, सगळ्यांत वरची. पत्रा पातळ, सांधे जोडणारी झाळ उरकून टाकलेली, पण वरून असा लखलखीत की बघणाऱ्याचं समाधान व्हावं. दान झालं की आठवड्याभरात तो तांब्या भटजींच्या घरून मोडीच्या भावानं आमच्याकडेच परत यायचा आणि पुन्हा फळीवर चढायचा. आई त्याला चिंच लावून घासायची. म्हणायची, "बाई गं, ह्याला मी तिसऱ्यांदा न्हाऊ घालतेय. किती जणांना पोचवून आला कोण जाणे!"

बाबांना ती एकदाच बोलली, माझ्यादेखत. "अहो, गेलेल्या जिवाला वाटेत पाणी मिळावं म्हणून देतात ना हा? आणि हा तर गळतो."

बाबा हसले. "त्यात पाणी कोण पितंय? मंत्र होईपर्यंत टिकला म्हणजे झालं."

वाईट नव्हते हो माझे बाबा. घरात वापरायचा तांब्या ते असा ठोकायचे की नातवंडांना पुरावा. पण न बघता घेणारं गिऱ्हाईक पुढ्यात आलं की भल्याभल्यांची नियत ढळते. आणि त्या पैशावर मीही जेवलेच की.

तीस सालानंतर दोन-तीन वर्षांनी आईला विषमज्वर झाला. मी सासरी सिन्नरला होते, निरोप आला तशी सर्व्हिस मोटारीनं धावले. वैद्यांनी पाणी तोडलं होतं. तापात पाणी द्यायचं नाही, फार तर उकळलेलं, चमच्यानं. तेव्हा तसंच मानायचे. माझी आई पाण्यासाठी माझ्यापुढे हात जोडायची. स्वतःच्या लेकीपुढे! मी ओलं फडकं तिच्या ओठांवरून फिरवायची आणि तोंड वळवून रडायची. वैद्यांचं ऐकलं, ह्याचा मला अजून संताप येतो.

शेवटच्या दिवशी दुपारी तिनं मला जवळ बोलावलं. "मला वरच्या फळीवरचा देऊ नका गं. जाड बघून दे. तू स्वतः वाजवून घे."

"असं अभद्र काय बोलतेस?"

"शब्द दे."

दिला. बाबांना सांगू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "नको. त्यांना लागेल." दिवेलागणीच्या आत ती गेली, तहानलेली.

सुतकात दहा दिवस हातोडा बंद. बाबा मांडीवर हात टाकून नुसते भिंतीकडे बघत बसायचे. बाराव्याला घर पाहुण्यांनी भरलेलं. भटजींनी तांब्या मागितला तशी काका उठले. "दुकान घरचं असताना शोधाशोध कसली?" म्हणाले, आणि स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा एक उचलून आणला. माझ्या तोंडाशी शब्द आले होते. पण चार माणसांत, बायको गेलेल्या बापाला, तुमचा माल खोटा आहे असं कोणत्या तोंडानं सांगू?

तांब्या भरून पाटावर ठेवला. बाबांनी हातावरून पाणी सोडलं, दान दिलं. भटजी मंत्र म्हणत होते आणि तांब्याच्या बुडाशी पाट ओला होत चालला होता. आधी रुपयाएवढा, मग वाटीएवढा. भटजींना सवयीचं होतं, त्यांनी बसल्या जागी धोतर सावरून घेतलं. बाबांची नजर त्या ओलीवर खिळली. हात पुढे झाला आणि मागे आला. दिलेलं दान परत मागता येत नाही, बदलताही येत नाही.

माणसं पांगल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. "मग मला का नाही बोलली ती?" त्यांनी विचारलं.

"म्हणाली, त्यांना लागेल."

बाबा दुकानाच्या उंबऱ्यावर बसले आणि मोठ्यानं रडले. त्यांना तसं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि जवळ जायचं धाडस मला झालं नाही.

आठवड्यानं तो तांब्या रिवाजाप्रमाणे मोडीत आला. बाबांनी वरची फळी रिकामी केली, सगळे तांबे वितळवले. हा एक मात्र ठेवला. उशाशी, पाणी भरून, खाली ताटली. रोज सकाळी ताटली भरलेली आणि तांब्या अर्धा. "अहो बाबा, तांबटाच्या घरात गळका तांब्या! लोक शेण घालतील तोंडात," मी म्हणायची. ते म्हणायचे, "घालू देत." दर माहेरपणाला माझ्याकडून वदवून घ्यायचे, "माझ्या बाराव्याला हाच द्यायचा. झाळ न मारता. शब्द दे." मी द्यायची. शब्द द्यायला मी कधी मागेपुढे पाहिलं नाही.

चार वर्षांनी बाबाही गेले. सुतक फिटताच मी तो तांब्या पदराखाली घेऊन आळीच्या टोकाच्या तांबटाकडे गेले. म्हटलं, "झाळ मारा. पक्की मारा." घरी आणून काठोकाठ भरला, खाली कोरडं फडकं घातलं आणि समोर बसून राहिले. दुपार झाली, फडकं कोरडंच होतं. आईला दिलेला शब्द मी गप्प बसून मोडला होता. बाबांना दिलेला जाणूनबुजून मोडला. तेही तहानलेले राहावेत, हे मला सोसवणार नव्हतं.

बाराव्याला काका दान द्यायला बसले. तांब्या भरायच्या आधी मी पुढे झाले, तो काकांच्या हातातून घेतला आणि टिचकी मारली. खणखणीत वाजला. मंत्र थांबले. काकू कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, काही रीतभात आहे का नाही तुला?"

आईचा राहिला होता. मी पुन्हा एकदा वाजवला.