देवीवर टाकलेला टॉवेल

खानापूर भागातल्या एका ठाण्यात मी इन्स्पेक्टर होतो. एका सकाळी हजेरी चालू असताना पन्नाशीची एक बाई आत आली आणि तिनं माझ्या टेबलावर पिशवीतली चादर पसरली, ते मला आजही जसंच्या तसं आठवतं.

"वास घ्या साहेब," ती म्हणाली. "घाण येतीय का सांगा."

मी घेतला. उन्हात वाळलेल्या कापडाचा वास होता. दारातला सेंट्री हसू दाबत उभा होता, त्याला मी डोळ्यांनीच गप्प केलं.

तिला सगळे आक्का म्हणत, मीही तेच म्हणेन. नवरा वारलेला, थोडी शेती, मुलगी बेळगावात कॉलेजला. घराच्या मागच्या अंगाला स्वतंत्र दाराची एक खोली होती. ती आक्का फोनवरच्या एका बुकिंग कंपनीमार्फत पाहुण्यांना भाड्यानं द्यायची. त्यावर मुलीचं शिक्षण चालायचं.

हा व्यवहार मला त्या दिवशी पहिल्यांदा समजला. पाहुणा पैसे आधी कंपनीकडे भरतो. वेळेत बुकिंग रद्द केलं तर ते त्याला परत मिळतात, ऐनवेळी केलं तर त्यातला ठरलेला वाटा घरमालकाला जातो. पाहुणा येऊन राहिला की दुसऱ्या दिवशी मालकाच्या खात्यात रक्कम जमा होते. मात्र ती जमा होण्याआधीच पाहुण्यानं 'घर दाखवलं तसं नाही, घाण आहे' अशी फोटोसकट तक्रार केली, तर कंपनी त्याला सगळे पैसे परत देते आणि मालकाच्या हाती काहीच पडत नाही. नियम वाईट नाही. ज्याच्या पदरी खरंच घाण घर पडतं, त्याला तोच वाचवतो.

आक्काच्या खोलीबद्दल वेगवेगळ्या नावांनी तीन तक्रारी गेल्या होत्या. गादीवर मेलेली झुरळं, फरशीवर केसांचे पुंजके, उष्टं. ती घाण पाहुणे गेल्यावर आक्कालाही सापडली होती, पण ते येण्याआधी खोली लख्ख होती असं ती शपथेवर सांगत होती. आणखी एक तक्रार आली तर खोली यादीतून कायमची काढू, असं कंपनीनं कळवलं होतं.

"पैशाचं जाऊ द्या," आक्का म्हणाली. "फोनवर खोलीखाली टाकलेलं त्ये फोटो कॉलेजात कुणीतरी बघितलं. पोरीला झुरळाच्या घरची म्हणत्यात. आता ती जाईतच न्हाई म्हणतीया." इतका वेळ तावातावानं बोलणारी बाई तिथं मात्र रडली.

अर्ज लिहून घेतला. पण तक्रार करणं हा काही गुन्हा नाही, हे मलाही ठाऊक होतं.

खबर मिळाली ती खडेबाजारातल्या एका रिक्षावाल्याकडून. तो माझा जुना माणूस. "साहेब, निपाणीचा एक गडी हाय. दोस्तांस्नी फुकटात फिरवतोय. ऱ्हायचं, आंघोळी करायच्या आणि सकाळी पैसं परत मागायचं, असं रिक्षात सांगत हुता."

निपाणी ठाण्याच्या मदतीनं त्याला बोलावलं. तिशीचा तरुण, कडक इस्त्रीचा शर्ट, चांगली नोकरी. "बुकिंग मित्रांची होती, मी फक्त बरोबर होतो," तो शांतपणे म्हणाला. "खोली घाण होती, कंपनीनं फोटो बघून पैसे परत दिले. यात पोलिसांचा संबंध काय?" वर बदनामीबद्दल आक्कावरच दावा लावीन म्हणाला. चोराच्या उलट्या बोंबा! पण त्यानं ताकास तूर लागू दिली नाही. आरडाओरडा करणारा माणूस लवकर मोडतो. नियमावर बोट ठेवून बसणारा मोडत नाही. त्याला जाऊ दिलं.

मग मी खोलीच्या महजरासाठी गेलो. आमच्या कर्नाटकात पंचनाम्याला महजर म्हणतात. खोली लख्ख होती. भिंतीतल्या कोनाड्यात यल्लम्माची तसबीर होती, पुढं भंडारा. बाजूच्या फळीवर धुऊन घडी घातलेले तीन टॉवेल दिसले, तिन्ही एकाच काठाचे.

"हे कुणाचे, आक्का?"

"पावण्यांचं. इसरून गेल्यात. परत न्ह्यायला येतील म्हणून ठेवल्यात."

"कुठं सापडले?"

"हितंच की, देवीच्या कोनाड्यावर. दर वक्ताला. वाळत घातलं असतील."

मी मोबाईलवर तक्रारींचे फोटो मोठे करून पाहिले. तिन्हींत कडेला, कोनाड्यावर, तो काठ दिसत होता. ओला टॉवेल कुणी देवीवर वाळत घालत नाही. आपल्याकडे घरात विटाळ असला की देव झाकतात.

निपाणीच्या त्या तरुणाला पुन्हा बोलावलं. चहा दिला. टॉवेल टेबलावर ठेवले आणि एवढंच विचारलं, "यल्लम्माला का झाकलंस?"

त्यानं वरच्या टॉवेलाचा काठ बोटांनी चाचपला. इस्त्रीचा शर्ट घामानं भिजला.

"आई दरसाल सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला जाती, साहेब," तो म्हणाला. "देवीच्या देखत घाण कशी टाकू?"

"मग जाताना टॉवेल काढला का नाहीस?"

"खाली घाण तशीच हुती न्हवं. देवीला ती कशी दाखवू?"

पुढचं सगळं त्यानं आपणहून सांगितलं. झुरळं तो काडेपेटीतून न्यायचा. फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. कंपनीनं तक्रारी रद्द केल्या, फोटो काढून टाकले, बुडालेले पैसे आक्काच्या खात्यात आले. कोर्टात त्यानं माफी मागितली, आक्कानं तडजोड मान्य केली. मुद्देमालातले टॉवेल तोवर धुळीनं माखले होते.

"असं मळकं कसं द्यायचं पावण्याला?" आक्का त्याला म्हणाली. "धुऊन ठेवते. घरला येऊन न्हे."

तो गेला. आईला घेऊन गेला. आक्कानं मलाही बोलावलं होतं. म्हातारी कोनाड्यापुढं डोकं टेकून बराच वेळ उठली नाही. तो टॉवेल छातीशी धरून दारात उभा होता. तेवढ्यात आक्काची मुलगी आतून भाकरी-उसळीचं ताट घेऊन आली आणि तिनं ते त्याच्यापुढं ठेवलं.

"जेवा," ती म्हणाली. "झुरळं न्हाईत."

तो खाली बसला. त्यानं भाकरी मोडली.

नोकरीत मी माणसाला बोलतं करायला भीतीच वापरत आलो. देवीच्या भीतीनं हा बोललाही. पण भीती होती म्हणून त्यानं फक्त देवीला झाकलं होतं. आक्का आणि तिची पोर त्याला कधी दिसल्याच नव्हत्या. त्या दिवशी ताटावरून मान वर करून त्यानं पहिल्यांदा त्या मुलीकडे पाहिलं. ती डोळ्याला डोळा देऊन समोर उभी होती, आणि तिच्या खांद्याला कॉलेजची पिशवी होती.