सुलतानाचा माणूस

खाडीच्या ओल्या चिखलाचा वास आला की मला ती राखाडी मिठाची लादी आठवते. पेणजवळच्या आमच्या मिठागराला लागून ज्यांचं शेत होतं, ते भाई आफ्रिकेतल्या जिबूतीच्या बंदरातली नोकरी सोडून परत आले होते. येताना त्यांनी बाबांसाठी ती भेट आणली. “तिकडं मीठ जमिनीतून कापून काढतात, काका.” बाबांनी लादीला हातही लावला नाही. “मीठ पिकवतात. कापतात कुठं?” भाई ओटीवर ऐसपैस बसले आणि तिथल्या अफार लोकांच्या सुलतानाची गोष्ट सांगू लागले. डोंगरावरच्या राजाशी सुलतानाचं पटत नसे, पण राजाचे उंटांचे तांडे समुद्राकडे जायचे ते त्याच्याच मुलखातून, दुसरी सोयीची वाटच नव्हती. बाबांचे डोळे बारीक झाले. “तुमाला शेतात जायला आमच्या बांधावरनं टेम्पो न्यायचाय, व्हय ना?” भाई नुसते हसले. चाकाखाली मातीचा बांध खचला असता तर खाडी आत शिरून सगळं मीठ गेलं असतं. बाबांनी लादीचा कोपरा नखानं खरवडला आणि जिभेवर ठेवला. “तुमचा सुलतान काय करायचा?” “जाऊ द्यायचा, पण तांड्याच्या पुढं आपला माणूस चालवायचा.” “मग आणा टेम्पो. पुढं मी चालनार.” आता बाबा नाहीत, भाईही नाहीत. बांध सिमेंटचा झालाय. भाईंचा मुलगा टेम्पो घेऊन आला की मी अजूनही पुढे चालतो, आणि मागे वळून वळून चाकांकडे बघतो.