जावेची वाडी आणि माझा जळफळाट

मंडळी, मला लिहिता येत नाही. मी बोलतेय, नात टाइप करतेय. एक शब्द गाळायचा नाही, असा तिला आधीच दम दिलाय.

आज माझी जाऊ तारा मृत्युपत्र करून आली. कळंबची तिच्या नावावरची वाडी लेकाला अर्धी, लेकीला अर्धी. तिची लेक गळ्यात पडून रडली. मी बाजूला बसून पेढा खात होते, पण तो काही गोड लागेना.

"लेकीला पण?" मी विचारलं.

"का? लेकीनं कोनाचं घोडं मारलंय?"

वाडीचा नाही हो, तारा माझ्याआधी शहाणी झाली याचा हेवा वाटला. माझे वडील गेले तेव्हा भावांनी मला साडी नेसवली आणि हक्कसोडीच्या कागदावर अंगठा घेतला. साडी पहिल्याच धुण्यात विटली.

घरी येऊन मुलांना सांगितलं, "मनवेलपाड्याची ही खोली माझ्या नावावर आहे. तिचे तीन वाटे करणार."

थोरला म्हणाला, "आई, ताईला भारीतली साडी घेऊ ना!"

"साडी एवढी चांगली असेल तर तुम्ही दोघं साड्या घ्या. खोली ताईला देते."

सुनेला हसू आवरेना. तिलाही माहेरी दोन भाऊ आहेत.

सोमवारी वकिलाकडे जातेय. कागद वाचून घेतल्याशिवाय अंगठा देणार नाही. आणि पेढे ताराच्या पेढ्यांपेक्षा भारी आणणार!

तुमच्याकडे लेकींना काय मिळालं, वाटा की साडी? खरं सांगा, नात मला सगळं वाचून दाखवणार आहे.