मागी किती होते?

चर्चच्या ओसरीत नाताळच्या नाटकाची तालीम चालली होती. बाळ येशूला भेटायला आलेले मागी, म्हणजे ज्ञानी पुरुष, तिघे, पुठ्ठ्याचे मुकुटही तीनच. मी सातवीत शाळा सोडलेला, परगावचा; खांबाआडून बघत होतो.

"ये की रे, मागी हो," नाटक बसवणाऱ्या शांताकाकू म्हणाल्या.

"तीन झाले ना, काकू."

"कुठं लिहिलंय? वाच बरं."

त्यांनी पुढे केलेलं बायबल घाबरतच वाचलं. बाळासाठी आणलेल्या भेटवस्तू तीन होत्या. माणसं किती, ते लिहिलेलंच नव्हतं. मुकुटही नव्हते. न वाचताच किती गोष्टी आपण धरून चालतो! इथे आपल्याला जागा नाही, हेही मी तसंच धरलं होतं.

देवाचे आभार मानत खांद्यावरचा टॉवेल डोक्याला गुंडाळला. ते पूर्वेकडून आले, एवढं मात्र नक्की लिहिलंय. मीही तिकडूनच, भंडाऱ्याहून आलोय.