कुत्र्यासाठी तळमजला

कुत्रा आमच्याकडे आला तेव्हा चांगला मोठा होता. ऊर्जानगरच्या वसाहतीतल्या एका अधिकाऱ्याची बदली झाली, नव्या गावचं घर लहान निघालं, म्हणून त्यांनी तो माझ्या नवऱ्याला दिला. मला कोणी विचारलं नाही. बॅसेट हाउंड जातीचा. लांबलचक अंग, वीतभर पाय, पाण्याच्या भांड्यात बुडणारे कान आणि नुकतंच कोणी वारल्यासारखा चेहरा.

सुरुवातीला तो दाराकडे तोंड करून पडून राहायचा. जेवायचा नाही. नवरा त्याच्याशेजारी फरशीवर बसायचा आणि भातात कालवलेली उकडलेली कोंबडी त्याला हातानं भरवायचा. मला टायफॉइड झाला होता तेव्हा याच नवऱ्यानं खानावळीचा डबा आणून ओट्यावर ठेवला होता. त्या वेळी मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं.

नवरा वीज केंद्रात पाळीनं काम करतो. पाळीवरून आलेला माणूस झोपतो, बोलत नाही. हे मी लग्नानंतर लवकरच मान्य केलं. मला तो 'ऐकलं काय' एवढंच म्हणतो. कुत्र्याला तो 'भाऊ' म्हणू लागला.

"भाऊ, काऊन नाई जेवले? गरम होऊन राह्यलं काय?"

गरम सगळ्यांनाच होत होतं. कूलरचं तोंड कुत्र्याकडे वळलं. खाताना त्याचे कान डोक्यावर बांधायचे असतात. त्यासाठी माझं केसांचं रबर गेलं. ते कान नवरा मोबाइलच्या उजेडात आतून पुसायचा, मग नाक लावून वास घ्यायचा. वास आला तर आत खराब झालं, असं त्यानं सांगितलं. तेही कुत्र्यालाच.

गुरांच्या डॉक्टरांनी जिना बंद केला. या जातीची पाठ लांब, मणका सरकला तर मागचे पाय जातात. आमचं क्वार्टर पहिल्या मजल्यावर आहे. म्हणजे सकाळ-संध्याकाळ त्याला उचलून न्यायचं. नवरा पुढून छातीखाली हात घालायचा, मी मागून. उतरताना तो खालच्या बाजूला असायचा आणि उलट्या पावलांनी उतरायचा. त्याला पायऱ्या दिसत नसत, म्हणून मी सांगायची.

"पायरी. पायरी. आता सपाट. वळा."

माझा वाटा एवढाच. त्याचं तोंड माझ्या दिशेला असायचं, बोलणं मात्र कुत्र्याशी. कोळशाचा पट्टा कुठे तुटला, साहेब कोणावर ओरडला, कँटीनच्या चहात काय पडलं. त्याच्या कामावरच्या गोष्टी मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि त्याही शेपटीच्या बाजूनं. मी वर्तमानपत्रात काम करते. दुसऱ्याकडून कळलेलं लिहिणं हाच माझा व्यवसाय. घरातलंही तसंच कळेल असं वाटलं नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या भाभी, म्हणजे वेल्डरची बायको, आम्हाला पाहिलं की दारात यायच्या.

"निकली क्या दुल्हेराजा की डोली? ओ भाईसाब, मेरे भी घुटने दुखते, मेरे को भी उठाओ ना!"

गुडघे माझेही दुखतात. तळमजल्याच्या क्वार्टरसाठी अर्ज करा, असं मी दोन वर्षांपूर्वी म्हटलं होतं. "आता रिटायरच होऊन राह्यलो, काऊन अर्ज करू?" असं उत्तर मिळालं होतं. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागणार. मग चंद्रपुरात घर घ्यायचं, हे माझ्या लेखी ठरलेलं होतं. माझं कार्यालय तिथं आहे आणि माझी नोकरी अजून बरीच शिल्लक आहे.

एका सकाळी जिन्यावर नवरा कुत्र्याला म्हणाला, "भाऊ, आता थोडेच दिवस. कुरखेड्याले आपलं घर हाये. तिथी पायरीच नाई. अंगण, मागं धानाचे बांधे. तुमच्या पाठीले काई तरास नाई."

कुरखेडा म्हणजे त्याचं मूळ गाव, चंद्रपूरला रोज ये-जा होणार नाही इतकं लांब. मी 'पायरी' म्हटलं नाही. त्याचं पाऊल हवेत राहिलं.

"काऊन थांबली वो?"

"कुरखेड्याचं केव्हा ठरलं?"

"ठरलं नाई. बोलून राह्यलो फक्त."

"माझ्याशी का नाही बोललात?"

"तू नाई म्हनली असती."

"आणि हा?"

"हा काई म्हनते का?" कुत्र्याची लाळ त्याच्या बाहीवर ओघळत होती. "अवो, पायरी सांग. हात भरून आले."

"माझे गुडघे दोन वर्षं हाच जिना चढताहेत. ते तुम्हाला दिसले नाहीत. याची पाठ काल आली, तर तिच्यासाठी अख्खं घर हलवायला निघालात. माझ्या नोकरीसकट."

खालून भाभींनी विचारलं, "क्या हुआ, डोली अटक गई?" नवऱ्याची नजर कुत्र्यावरून वर आली आणि माझ्यावर थांबली.

"मंग तूच सांग. कुठी राह्यचं?"

"चंद्रपुरात. तळमजल्यावर. तिघांना पुरेल असं."

"भाऊले अंगण पायजे."

"पाहू मिळतं का."

त्यानं कुत्र्याला छातीशी सावरून धरलं. "लय दुखते काय गुडघे?"

प्रश्न दोन वर्षं उशिरा आला होता. पण मलाच विचारलेला होता.

"पायरी," मी म्हटलं.

खाली उतरल्यावर कुत्रा कडुनिंबाच्या बुंध्याशी हुंगत बसला. नवरा त्याच्याजवळ उकिडवा बसला, त्याचा कान हातात घेतला आणि म्हणाला, "भाऊ, कुरखेडा कॅन्सल." तो कान सोडायला त्यानं बराच वेळ घेतला. मी पाहत उभी होते. निदान ही बातमी कुत्र्याच्या आधी मला कळली होती.