मिस ओझेलांची टाळी

आमच्या फॅरिश स्ट्रीटवर सगळे छातीठोकपणे सांगतात, की मिस ओझेलांनी रेडबड रेकॉर्ड्सच्या मालकाच्या, म्हणजे मिस्टर गॅडिसच्या, थोबाडीत मारली आणि तो आवाज रेकॉर्डवर जसाच्या तसा उमटला. न्हाव्याच्या दुकानात तर तबकडी लावून दाखवतात, "ऐक, ही पहिली. आणि ही दुसरी!"

साफ खोटं. त्यांनी खरंच मारली असती, तर मिस्टर गॅडिस अजून तिरके चालत असते.

झालं होतं ते एवढंच. मिस ओझेला स्टुडिओशेजारी इस्त्रीचं दुकान चालवतात. एकदा गायकांचे शर्ट पोचवायला आत गेल्या, तर ड्रमवाल्याचा ठेका कुत्रं मागं लागल्यासारखा पळत होता. बाईंना राहवेना. त्यांच्या खेड्यातल्या चर्चमध्ये ना पियानो, ना ढोल. सगळं गाणं टाळ्यांवर तोललेलं. शर्ट खांद्यावर टाकून त्यांनी दारातच टाळी धरली. तळवे खोलगट, आणि टाळी केसभर उशिरा. तेव्हापासून रेडबडच्या प्रत्येक गाण्यात ती टाळी आहे. तबकडीच्या पाकिटावर नाव मात्र नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "नाव छापलं तर इस्त्रीला कपडे कोण देईल? म्हणतील, बाई आता भाव वाढवणार."

यंदा जूनमध्ये माझ्या भावाला, लव्हेलला, सैन्याचं बोलावणं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळची बस होती. त्याचं एक गाणं रेडबडमध्ये अर्धवट पडलं होतं, आणि आईला एकच गोष्ट हवी होती: तो नसताना घरात त्याचा आवाज. म्हणजे गाणं त्याच दुपारी व्हायलाच हवं. आणि नेमका त्याच सकाळी मिस ओझेलांचा उजवा हात इस्त्रीनं भाजला.

"बुडालो!" मिस्टर गॅडिस ओरडले. "मिस ओझेला, आजच भाजून घ्यायचं होतं?"

"छे हो, मी नाताळात घेणार होते," बाई म्हणाल्या. "घाई झाली."

मी पुढं झाले. मी कुणाचीही नक्कल करते. मिस्टर गॅडिसच्या आवाजात हाक मारली तर ड्रमवाला सिगरेट लपवतो.

"तुमची टाळी मी वाजवते. फरक कळणार नाही. पैज!"

"जिंकलीस तर माझी जांभळी हॅट तुझी."

"पिसासकट?"

"पिसासकट. हरलीस तर उन्हाळाभर रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी बसायचं. आणि पाद्रीबाबांची नक्कल बंद."

टाळी हुबेहूब आली. काचेमागून मिस्टर गॅडिसनी अंगठा दाखवला. पण दुसऱ्या कडव्यात लव्हेल अडखळला. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा आवाज चिरकला. त्यानं कानावरचे हेडफोन काढले.

"माझंच चुकतंय. राहू द्या," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "आईला सांगतो मी."

"गप रे," मिस ओझेला म्हणाल्या. "जूनी, तू बघत कुठं होतीस?"

"माझ्या हातांकडे."

"हातांना काय बघायचं? ते पळून चाललेत का? त्याच्या खांद्याकडे बघ. खांदा वर गेला की पोरगा श्वास घेतोय. तेवढं थांबायचं असतं."

मग त्या स्टूल ओढून त्याच्यासमोर बसल्या. पट्टी बांधलेला हात मांडीवर, आणि डाव्या हातानं दुसऱ्या मांडीवर थाप. लव्हेल गाऊ लागला. दुसरं कडवं आलं. त्याचा खांदा वर गेला. बाई थांबल्या. इतक्या थांबल्या की मला वाटलं, चुकल्या. मग थाप पडली, आणि माझा भाऊ त्या ओळीवरून अलगद पार झाला. काचेमागं मिस्टर गॅडिस नाक पुसत होते.

आई आता कामावर जाण्याआधी रोज तीच तबकडी लावते. एका हातानं वेणी घालते, थाप आली की क्षणभर थांबते.

स्टुडिओतून निघताना मी कुरकुरले, "पण टाळी अगदी तुमच्यासारखीच होती!"

"होती की," मिस ओझेला म्हणाल्या. "रविवारी दहाला तयार राहा. आणि सँडविच घेऊन ये, आमचे पाद्रीबाबा प्रवचन लांबवतात."

ते मला ठाऊक होतं. 'हालेलुया' ते किती लांबवतात, हे सगळ्या गल्लीला मीच तर करून दाखवलं होतं. आज अकरावा रविवार. तोंड मिटून बसले आहे.